तुकडोजी महाराज

तुकडोजी महाराज (३० एप्रिल १९०९ – ११ ऑक्टोबर १९६८) हे विदर्भातील संतकवी, भजनगायक व समाजसुधारक होते. खंजिरीच्या साथीने स्वरचित भजने गाऊन त्यांनी ग्रामसुधारणा, अस्पृश्यतानिवारण व राष्ट्रीय ऐक्य यांचा प्रसार केला. ते राष्ट्रसंत या उपाधीने ओळखले जातात.

प्रारंभिक जीवन

त्यांचा जन्म अमरावती जिल्ह्यातील यावली या गावी एका गरीब कुटुंबात झाला. त्यांचे मूळ नाव माणिक, वडिलांचे बंडोजी व आईचे मंजुळा. शालेय शिक्षण प्राथमिक इयत्तांपलीकडे गेले नाही. वरखेड येथील आडकोजी महाराज हे त्यांचे गुरू. तुकड्या हे नाव गुरूंनीच दिले, असे सांगितले जाते. पुढे 'तुकड्यादास' ही त्यांच्या भजनांतील नाममुद्रा झाली. तरुणपणी त्यांनी सालबर्डी, रामटेक आदी ठिकाणच्या अरण्यांत काही काळ साधना केली.

भजने

खंजिरी हे लाकडी कड्याच्या एका बाजूला चामडे ताणून बसवलेले, कड्यात धातूच्या चकत्या असलेले लहान चर्मवाद्य आहे. ते एका हातात धरून दुसऱ्या हाताने वाजवता येत असल्याने गायकाला वेगळ्या तालवादकाची गरज पडत नाही. महाराजांनी मराठी व हिंदी या दोन्ही भाषांत रचना केल्या. समूहाला सहज उचलता येईल असे ध्रुवपद आणि बोलीला जवळची सोपी शब्दयोजना ही त्यांची वैशिष्ट्ये होत. ईश्वरभक्तीबरोबरच व्यसनमुक्ती, ग्रामसफाई, श्रमप्रतिष्ठा आणि सर्वधर्मसमभाव हे विषय त्यांनी भजनात आणले.

स्वातंत्र्यलढा

१९३६ मध्ये ते सेवाग्राम येथे महात्मा गांधींच्या सान्निध्यात राहिले. १९४२ च्या आंदोलनात आष्टी व चिमूर येथे झालेल्या उठावांमागे त्यांच्या भजनांची प्रेरणा होती. याच वर्षी ब्रिटिश सरकारने त्यांना अटक करून नागपूर व रायपूर येथील तुरुंगांत ठेवले. शस्त्र हाती न घेतलेल्या एका भजनकऱ्याच्या शब्दांची सरकारला वाटलेली धास्ती या कारवाईतून दिसून येते.

संस्थात्मक कार्य व लेखन

अमरावती-नागपूर मार्गावरील मोझरी येथे त्यांनी गुरुकुंज आश्रम स्थापन केला. श्रीगुरुदेव सेवा मंडळाच्या शाखांमधून सामुदायिक प्रार्थनेची प्रथा गावोगावी रुजली. जात वा धर्म न पाहता सर्वांनी एकत्र बसून म्हणावयाची ही प्रार्थना गावातील भेद मोडण्याचे साधन ठरली. ४१ अध्यायांच्या 'ग्रामगीता' या ओवीबद्ध ग्रंथात त्यांनी स्वावलंबी गावाची कल्पना मांडली. १९५५ मध्ये जपानमधील जागतिक धर्मपरिषदेत ते सहभागी झाले. त्यांची भजने ऐकून राष्ट्रपती राजेंद्र प्रसाद यांनी त्यांना राष्ट्रसंत म्हणून गौरवले.

निधन व वारसा

कर्करोगाने गुरुकुंज येथे त्यांचे निधन झाले. त्यांची समाधी तेथेच असून पुण्यतिथीला हजारो अनुयायी मौन श्रद्धांजली वाहतात. २००५ मध्ये नागपूर विद्यापीठाला त्यांचे नाव देण्यात आले. खंजिरी भजनाची परंपरा वऱ्हाडात आजही चालू आहे. अकोला जिल्ह्यातील प्रबोधनकार सत्यपाल महाराज यांनी एकाच वेळी सात खंजिऱ्या वाजवण्याची सप्तखंजिरी शैली लोकप्रिय केली.