ताओ : एका शब्दाची दोन घरे

कॉलेजात शिकत असतानाची गोष्ट. माझे एक कन्नड प्राध्यापक आमच्या घरी आले होते. बोलता बोलता त्यांनी विचारले, "तुमच्या घरचा संप्रदाय कोणता?" मी माझ्या मोडक्यातोडक्या कन्नडात ज्ञानेश्वरीतल्या अद्वैतावर ऐटीत बोलू लागलो. तेवढ्यात आजी मीठ-मोहऱ्या घेऊन धाकट्या बहिणीची दृष्ट काढायला बाहेर आली. मी ओशाळून म्हणालो, "ते काही नाही, जुन्या माणसांचे आपले काहीतरी." सर नुसते हसले.

पुढे ताओ मताचा इतिहास वाचताना हा प्रसंग पुन्हा आठवला, तो ह्युएनत्संगमुळे. हा चिनी यात्रेकरू आपल्या शाळेपासूनच्या ओळखीचा. इ.स. ६४१ च्या सुमारास तो दुसऱ्या पुलकेशीच्या राज्यात येऊन गेला आणि इथल्या मानी माणसांविषयी त्याने लिहून ठेवले. मायदेशी परतल्यावर ६४७ मध्ये त्याच्यावर एक उलटे काम येऊन पडले. कामरूपच्या, म्हणजे आजच्या आसामच्या, भास्करवर्मा राजाला लाओत्सेचा ग्रंथ हवा होता. 'ताओ ते चिंग' संस्कृतात उतरवा, अशी तांग सम्राटाची आज्ञा झाली. जोडीला ताओ पंथाचे पंडित दिले गेले.

वाद पेटला तो 'ताओ' या शब्दावरच. ताओ पंडित म्हणाले, 'बोधी' लिहा. ह्युएनत्संग म्हणाला, छे, ताओ म्हणजे वाट. 'मार्ग' हाच शब्द योग्य. बौद्ध आणि ताओ मतांची सरमिसळ त्याला नको होती. ग्रंथ कसाबसा संपला, तेव्हा पंडितांनी त्याची प्रस्तावनाही भाषांतरित करावी असा आग्रह धरला. तीत दातांवर दात वाजवणे, लाळ गिळणे असे दीर्घायुष्याचे विधी होते. ह्युएनत्संगने साफ नकार दिला. असले काही परदेशात गेले तर आपल्या देशाची मान खाली जाईल, असे त्याचे म्हणणे. ही हकीकत बौद्धांनी लिहिलेली आहे, तेव्हा तिच्यात एका बाजूचा रंग असणारच. ती संस्कृत पोथी मात्र आज कुठेही उपलब्ध नाही.

मला वाटते, पुढे पाश्चात्त्य पंडितांनी जी वाटणी केली तिची ही जुनी खूण होय. लाओत्से आणि च्वांगत्से यांचे ते उदात्त तत्त्वज्ञान. आणि मंत्र, ताईत, अमरत्वाची औषधे हा नंतरचा बिघडलेला धर्म! चिनी भाषेतही दोन शब्द आहेतच. 'ताओ-चिया' म्हणजे ताओचे घराणे, विचारपरंपरा. 'ताओ-चिआओ' म्हणजे ताओची शिकवण, धर्म. पण ही दोन घरे खरोखर इतकी वेगळी होती का?

ग्रंथ जुना आहे. १९९३ मध्ये हूपे प्रांतातल्या एका थडग्यात बांबूच्या पट्ट्यांवर लिहिलेला त्याचा काही भाग सापडला, तो इ.स.पूर्व ३०० च्या आसपासचा. पाणी सर्वांच्या उपयोगी पडते आणि तरी सखल जागी जाऊन राहते, तसे राज्यकर्त्याने असावे, हा त्यातला एक विचार. पुढे इ.स. १४२ मध्ये, परंपरा सांगते त्याप्रमाणे, सेच्वान प्रांतात चांग ताओलिंग याला देवरूप लाओत्सेने दर्शन दिले आणि संघटित ताओ धर्म उभा राहिला. अनुयायांनी पाच मापे तांदूळ द्यायचे. आजाऱ्याने आपली पापे कबूल करायची. त्याच्यासाठी आकाश, पृथ्वी आणि जल यांच्या नावे तीन अर्ज लिहिले जात. चांगचा नातू चांग लू याने वाटसरूंसाठी फुकट अन्नाची घरे उघडली. आपल्याकडे त्यांना धर्मशाळाच म्हटले असते.

आणि या साध्यासुध्या, आजाराने गांजलेल्या माणसांकडून पाठ करून घेतला जाई तो ग्रंथ कोणता? लाओत्सेचाच! तेच पुस्तक विद्वानांचे चिंतन होते आणि शेतकऱ्यांची नित्याची पोथीही. १४४५ मध्ये मिंग राजवटीत ताओ ग्रंथांचा महासंग्रह छापला गेला. त्यात लाओत्से-च्वांगत्से आहेत आणि विधी, मंत्र, औषधेही आहेत. संग्रह करणाऱ्यांनी घरातले काही लपवले नाही.

तत्त्वज्ञान की धर्म, हा प्रश्न आपल्याला तरी कुठे सुटतो? आपल्या 'धर्म' शब्दात कर्तव्य येते, दान येते, आणि खाली वाहणे हा पाण्याचा धर्मही येतो. दुभाषी मुलखात वाढलेल्या माणसाला रोज ठरवावे लागते, शेजाऱ्याच्या भाषेत घरातले काय न्यायचे आणि काय उंबऱ्याआड ठेवायचे. जे आपण गाळतो, ते बहुधा घरातल्या बायकांचे आणि गरिबांचे असते.

त्या दिवशी निघताना सर आजीच्या पाया पडले आणि म्हणाले, "आमच्या आईचेही हेच असते. फक्त ती मिरच्या घेते." आजीला कन्नड फारसे येत नव्हते, पण तिला ते कळले. हातातला हरिपाठ मिटून तिने त्यांच्या डोक्यावर हात ठेवला. मीठ-मोहऱ्यांचा वास अजून घरात होता.