न पाठवलेली पत्रं: अहमदनगरच्या किल्ल्यात श्रद्धेचा पुरावा कसा शोधायचा?

संशोधनाची तयारी करणाऱ्या प्रत्येकाला कधी ना कधी हा प्रश्न पडतो: माणसाच्या मनातल्या गोष्टीचा पुरावा आणायचा कुठून? जमीन महसुलाचे आकडे दप्तरात सापडतात, अटकेचे हुकूम सापडतात. पण "तुरुंगात असताना त्याची देवावरची आशा टिकून होती" असं वाक्य तुम्ही प्रबंधात लिहिलंत, तर गाईड पहिला प्रश्न विचारणार, कशावरून? माझं एमएससी विज्ञान शाखेतलं असल्यामुळे हा "कशावरून" मला जरा जास्तच छळतो. म्हणून आज आपल्याच जिल्ह्यातलं एक उदाहरण घेऊ.

८ ऑगस्ट १९४२ ला मुंबईत "भारत छोडो"चा ठराव झाला. ९ तारखेच्या पहाटे काँग्रेस कार्यकारिणीतल्या नेत्यांना अटक झाली आणि रेल्वेने अहमदनगरला (आजचं अहिल्यानगर) आणून किल्ल्यात ठेवलं गेलं. नेहरू, सरदार पटेल, आचार्य नरेंद्र देव, आपले शंकरराव देव आणि काँग्रेसचे अध्यक्ष मौलाना अबुल कलाम आझाद असे एकूण १२ जण. खटला नाही, शिक्षेची मुदत नाही. सुरुवातीला वर्तमानपत्र नाही, घरचं पत्रही नाही. ज्या किल्ल्यावरून चांदबिबी मुघलांशी लढली, तिथेच ही मंडळी १९४५ पर्यंत होती.

या काळात आझादांनी हबीबुर्रहमान खान शेरवानी या आपल्या विद्वान स्नेह्याला उर्दूत पत्रं लिहिली. ती टपालात पडणार नाहीत हे त्यांना ठाऊक होतं. सुटकेनंतर १९४६ मध्ये ती "गुबार-ए-खातिर" या नावाने पुस्तकरूपात आली. आपलं साधन हेच.

हिशोबात दिसणारी श्रद्धा

सुरुवातीच्याच एका पत्रात आझाद चक्क हिशोब मांडतात. आयुष्याची ५३ वर्षं, त्यातली कैदेत गेलेली साडेसात वर्षांच्या वर, म्हणजे साधारण सातवा हिस्सा. मग ते या हिश्शाची सांगड तौरातमधल्या सब्बाथशी घालतात. आठवड्यात एक दिवस विश्रांतीचा, तसा त्यांच्या वाट्याला सातातला एक दिवस तुरुंगाचा. वाक्यात थोडी थट्टा आहे. पण बघा, सरकारने हिरावून घेतलेल्या काळाला हा माणूस धर्माच्या पंचांगात जागा देतोय. "माझी श्रद्धा अढळ आहे" असं विधान इथे कुठेच नाही, तरी श्रद्धा काम करताना दिसते. पुरावा म्हणून मला हे त्या विधानापेक्षा जास्त मोलाचं वाटतं.

दुसरी गोष्ट दिनक्रमाची. पहाटे तीन-चारच्या सुमारास उठायचं, स्वतःच्या हाताने चहा करायचा, लिहायला बसायचं. एका पत्रात त्यांचं म्हणणं असं की, तुरुंगातही सूर्य रोज उगवतोच, त्यामुळे आनंदी राहणं तिथेही शक्य आहे. धार्मिक माणसाने चेहरा लांब करून बसावं हे त्यांना मुळीच पटत नाही. इथे आशा म्हणजे सुटकेचा अंदाज नाही. कधी सुटणार हे कुणालाच माहीत नव्हतं. आशा म्हणजे आजचा दिवस नीट जगण्याची सवय.

शंकेतून आलेली श्रद्धा

आझाद धर्मगुरूंच्या घराण्यातले. पण वारशाने मिळालेली श्रद्धा तरुणपणीच गळून पडली, शंकेची काही वर्षं गेली आणि मग स्वतःच्या शोधातून ती परत मिळाली, हे त्यांनी याच पत्रांत सांगितलंय. तत्त्वज्ञान, विज्ञान आणि धर्म यांची तुलना करताना ते साधारण असं मांडतात: तत्त्वज्ञान शंका जागी करतं, विज्ञान पुरावा देतं, पण श्रद्धा देत नाही, धर्म श्रद्धा देतो, जरी पुरावा देत नसला तरी. आणि माणसाला जगायला दोन्ही लागतं. विज्ञान शिकलेल्यांनी इथे थोडं थांबावं. पुरावा नाही हे कबूल करून हा माणूस श्रद्धेच्या बाजूने उभा राहतोय.

एप्रिल १९४३

आता या सगळ्याची कसोटी. आझादांची पत्नी झुलेखा बेगम कोलकात्यात गंभीर आजारी होत्या. तुरुंगाच्या अधीक्षकाने सुचवलं, सरकारकडे काही विनंती करायची असेल तर मी लगेच पाठवतो. आझाद म्हणाले, मला सरकारकडे काहीही मागायचं नाही. ९ एप्रिल १९४३ ला झुलेखा बेगम गेल्या. शेवटची भेट झाली होती ती ऑगस्ट १९४२ मध्ये, मुंबईला निघताना.

त्यानंतर लगेच लिहिलेलं पत्र प्रत्येक विद्यार्थ्याने वाचावं. त्या दिवसांत जेवणाची वेळ, बोलणंचालणं, सगळं आपण नेहमीसारखं ठेवलं, हे ते सांगतात. आणि पुढे कबूल करतात की, हा वरवरचा शांतपणा बराचसा दिखावा होता, मनातल्या अहंकाराने वठवलेली भूमिका होती. आवारात एक जुनी, अनोळखी कबर होती. तिच्याकडे बघून त्यांना दूरच्या त्या नव्या कबरीची आठवण होते.

इथे आपला अभ्यासक नेहमी घसरतो. "पत्नीच्या मृत्यूनंतरही मौलाना अविचल राहिले" असं लिहून मोकळा होतो. साधन मात्र नेमकं उलट सांगतंय: मी अविचल दिसलो, आत तसा नव्हतो. मला वाटतं, आशेचा खरा पुरावा या कबुलीत आहे. ज्याची श्रद्धा फक्त दिखाव्यावर उभी असते, तो दिखाव्याला दिखावा म्हणू शकत नाही.

दोन सावधगिऱ्या

पहिली. ही पत्रं पाठवली गेली नाहीत म्हणून ती "खासगी" ठरत नाहीत. समोर एक विद्वान मित्र कल्पिलेला आहे, भाषा घडवलेली आहे, पुढे पुस्तकही झालं. शेजारी दुसरं साधन ठेवा. आझादांचं "इंडिया विन्स फ्रीडम" त्यांच्या मृत्यूनंतर १९५९ मध्ये आलं. तेच दिवस तिथे कसे येतात ते ताडून बघा. त्याच किल्ल्यात १९४४ मध्ये नेहरूंनी "डिस्कव्हरी ऑफ इंडिया" लिहिलं. ते रूढ अर्थाने धार्मिक नव्हते. म्हणजे एकाच तुरुंगात देवासह आणि देवाविना टिकलेली आशा शेजारी-शेजारी तपासता येते. अशी संधी प्रयोगशाळेबाहेर क्वचितच मिळते.

दुसरी. या कैद्यांकडे पुस्तकं होती, कागद होता, चहा होता. त्याच १९४३ मध्ये बंगालमध्ये लाखो माणसं दुष्काळात मेली. त्यांचीही काही प्रार्थना असेलच, पण ती लिहायला कागद नव्हता. म्हणून किल्ल्यातल्या आशेवरून "दडपशाहीत श्रद्धा माणसाला तारते" असा सरसकट निष्कर्ष काढू नका. एवढंच म्हणा: या माणसाने, या ठिकाणी, ती अशी सांभाळली.

प्रबंधासाठी विषय शोधत असाल तर हा छोटा सराव करून बघा. एक पत्र घ्या. त्यात "श्रद्धा", "देव", "धीर" असे शब्द जिथे येतात त्यावर पेन्सिलने खूण करा. मग ते शब्द झाका आणि उरलेल्या मजकुरात लेखक दिवसभर काय करतोय ते वहीत उतरवा. तुमच्या "कशावरून"चं उत्तर बहुतेक त्या वहीत सापडेल.