डब्यातला वारा

खानदेशातला उन्हाळा पुस्तकात वाचून कळत नाही. एप्रिल संपता संपता जळगावचा पारा ४५ अंशांच्या आसपास घुटमळू लागतो. धाब्याच्या जुन्या घरात दुपारी जो थोडा विसावा मिळे, तो सिमेंटच्या स्लॅबखाली मिळत नाही. या उन्हाने आमच्या शाळेतील संगणकांचे, आणि त्यांच्यापायी एका मुलाचे काय झाले, ते सांगावयाचे आहे. पण ती हकीकत समजायची तर संगणकाच्या पोटातल्या वायरींचा थोडा इतिहास आधी सांगितला पाहिजे. यंत्रशास्त्राशी माझा संबंध मॅट्रिकच्या विज्ञानापुरताच. जाणत्यांनी सांभाळून घ्यावे.

आपल्याकडे घडवलेला एक आरंभीचा मोठा संगणक मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत १९६० साली चालू झाला. पंडित नेहरूंनी १९६२ साली त्याचे 'टिफ्रॅक' असे नामकरण केले. १८ फूट लांब आणि ८ फूट उंच अशा पोलादी चौकटीत २७०० निर्वात नळ्या बसवल्या होत्या, आणि निर्वात नळी म्हटली की ती दिव्यासारखी तापायचीच. तिथे उष्णता हा काही लपून बसलेला शत्रू नव्हता. पुढे १९८१ साली आयबीएमने आपला संगणक टेबलावर ठेवता येईल अशा पेटीत घातला. त्याचा पॉवर सप्लाय ६३.५ वॅटचा, म्हणजे घरातल्या एका बल्बएवढा. त्यातला एक पंखा साऱ्या पेटीला पुरत असे. आत वायरी कशाही पडल्या असल्या तरी विचारतो कोण!

दुखणे वाढले ते प्रोसेसर तापू लागले तेव्हा. १९९३ साली पेंटियम आला आणि प्रोसेसरच्या डोक्यावर स्वतंत्र पंखा बसवणे ही नित्याची गोष्ट होऊन गेली. २००४ सालच्या पेंटियम ४ च्या काही जातींनी तर शंभर वॅटचा आकडा ओलांडला. याच काळात हार्ड डिस्कला जोडणारी केबल मात्र दोन इंच रुंदीची, राखाडी, चपटी पट्टी होती. तीत ४० तारा शेजारी शेजारी चिकटवलेल्या. लांबी १८ इंचांहून अधिक ठेवायची नाही असा दंडक, त्यामुळे ती वळसा न घेता पेटीच्या मधूनच ताणली जाई किंवा लोंबत राही. समोरच्या जाळीतून वारा आत यावा आणि मागून निघून जावा ही सारी योजना. आणि खिडकीवर गोणपाट टांगावे तशी ही पट्टी नेमकी मध्ये!

काही उत्साही मंडळी ही पट्टी ब्लेडने उभी चिरून तिची सुरळी करीत. वारा मोकळा होई, पण दुसरेच संकट उभे राही. १९९८ च्या सुमारास डिस्कचा वेग वाढला, तेव्हा पट्टीत ४० ऐवजी ८० तारा आल्या होत्या. वाढीव ४० तारांतून काहीच निरोप जात नसे. त्यांचे काम एवढेच की निरोपाच्या दोन तारांच्या मध्ये राहायचे आणि एकीची कुजबुज दुसरीच्या कानी पडू द्यायची नाही. सुरळी केली की हे मधले पहारेकरी जागचे हलत आणि कधी कधी फाइलींत गोंधळ माजे. खरा मार्ग म्हणजे पट्टी न चिरता तिची तिरकी घडी घालायची आणि ती पेटीच्या भिंतीला लावून न्यायची.

वारा कोणत्या दिशेने वाहावा यावर तर खुद्द इंटेल कंपनीचेच मत बदलले. १९९५ साली तिने पेटीची 'एटीएक्स' नावाची रचना ठरवून दिली. तीत आरंभी पॉवर सप्लायच्या पंख्याने बाहेरची हवा आत ओढून प्रोसेसरवर फेकावी असे होते. पण पॉवर सप्लायमधून येणारी हवा आधीच तापलेली. म्हणून पुढे पंखा उलटा झाला आणि आतली हवा बाहेर टाकू लागला. २००३ साली सात तारांची बारीक 'साटा' केबल आली. ती एक मीटर लांब चालते, म्हणून वाटेल तिथून वळवता येते. वाऱ्यासाठीच पेटीची नवी मांडणीही इंटेलने २००४ साली काढून पाहिली. कारखानदारांनी ती मनावर घेतली नाही, आणि पुढचे प्रोसेसरच थंड निघाल्याने दोन वर्षांत तिला मूठमाती मिळाली. आता मदरबोर्डच्या पत्र्यामागे वायरींसाठी मुद्दाम जागा ठेवतात. हल्लीची मुले त्या वायरी वेणीसारख्या बांधतात आणि काचेच्या दारातून पाहुण्यांना दाखवतात. त्या शोभेने तपमान फारसे उतरत नाही. धूळ झाडण्याने अधिक उतरेल, पण धूळ झाडलेली पेटी कोणाला दाखवावी!

आमच्या शाळेत २००५ साली जुने, वापरलेले पाच संगणक आले. विकणाऱ्याने वरून पुसून दिले होते, आत काय होते ते पाहण्याची अक्कल आम्हांला नव्हती. खोली जिनिंगच्या बाजूची. हंगामात रुईचे तंतू खिडकीतून येऊन वह्यांवर बसत. एप्रिलमध्ये दुपारी एकच्या सुमारास संगणक एकामागून एक आपोआप बंद पडू लागले. नववीतला एक मुलगा पेटीच्या मागे वाकून वायरी न्याहाळताना दोनदा सापडला होता. 'हाच वायरी ओढतो' असे ठरले. मी त्याचे नाव खोलीच्या वहीत लिहिले आणि त्याला प्रवेश बंद केला. 'सर, मी फक्त हात लावून पाहत होतो, डबा तापतो' असे तो म्हणाला होता. मी ऐकले नाही.

सुट्टीत कादंबरीसाठी काही जुने कागद पाहायला धुळ्याच्या राजवाडे संशोधन मंडळात जायचे होते. जाताना एक पेटी मांडीवर घेऊन एस.टी.त बसलो. एरंडोल, पारोळा करीत धुळे येईपर्यंत पाय बधिर झाले. तिथल्या एका वयस्कर कारागिराने झाकण काढले आणि तो हसला. ती राखाडी पट्टी प्रोसेसरच्या पंख्यासमोर लोंबत होती, आणि पंख्याखालच्या ॲल्युमिनियमच्या पात्यांत कापूस असा गच्च बसला होता की उशीच भरावी.

"गुरुजी, याले वाराच लागत नही," तो म्हणाला. प्रोसेसर फार तापला की जळण्यापूर्वी यंत्र आपणहून बंद पडते, हे मला त्याच्याकडून कळले.

त्याने कापूस ब्रशने काढला. मग झाकणाच्या जागी पुठ्ठा धरला, संगणक चालू केला आणि समोरच्या जाळीशी उदबत्ती धरली. मागच्या बाजूला मी डोळे लावून बसलो. धूर बाहेर येईना; आला तो रेंगाळत. त्याने यंत्र बंद केले, पट्टीची घडी घालून ती कडेच्या पत्र्याला दोऱ्याने बांधली आणि पुन्हा उदबत्ती धरली. या वेळी धूर मागच्या पंख्यातून सरळ माझ्या तोंडावर आला. मला खोकला लागला.

पैसे त्याने वीस रुपये घेतले. उरलेल्या चार पेट्या मी स्वतः उघडून तशाच केल्या.

जूनमध्ये शाळा उघडली. त्या मुलाचे नाव हजेरीपटावर होते, तो नव्हता. वडिलांबरोबर सुरतेला कामाला गेला, असे मुलांनी सांगितले. संगणकाच्या खोलीची वही काढून मी त्याच्या नावाची ओळ खोडली. मुख्याध्यापकांनी खाडाखोडीचे कारण विचारले, तेव्हा पेटी उघडून त्यांच्यासमोरही उदबत्ती धरली.