स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल

स्वयंचलित गिअरबॉक्सचे तेल हे क्लच-पेडल नसलेल्या मोटारगाडीच्या गिअरबॉक्समध्ये वापरले जाणारे विशेष तेल होय. वाहनव्यवसायात ते 'एटीएफ' या संक्षिप्त नावाने ओळखले जाते. विमानाच्या इंधनालाही हेच संक्षिप्त नाव आहे. परंतु दोहोंचा परस्परसंबंध नाही. इंजिनातील ज्वलनाशी संपर्क येत नसल्यामुळे हे तेल इंजिन ऑइलपेक्षा पुष्कळ अधिक काळ टिकते, मात्र ते कायमचे टिकत नाही. ते केव्हा बदलावे, हे गिअरबॉक्सचा प्रकार आणि गाडीचा वापर या दोन गोष्टींवर अवलंबून असते.

कार्य

टॉर्क कन्व्हर्टर असलेल्या गिअरबॉक्समध्ये हे तेल चार कामे करते : इंजिनाची शक्ती पुढे पोहोचवणे, गिअर बदलणाऱ्या क्लचवर दाब देणे, दातेरी चाके व बेअरिंग यांना वंगण पुरवणे आणि उष्णता कूलरपर्यंत वाहून नेणे. क्लचच्या चकत्या घसरू नयेत आणि झटक्याने पकडूही नयेत, यासाठी त्यात घर्षण नियंत्रित करणारी रसायने मिसळलेली असतात. पूर्वी या कामासाठी स्पर्म व्हेल या देवमाशाचे तेल वापरले जात असे. १९७०च्या दशकात अमेरिकेत या प्राण्याला कायद्याचे संरक्षण मिळाल्यावर त्याची जागा इतर रसायनांनी घेतली.

ऱ्हासाची कारणे

उष्णता हा या तेलाचा मुख्य शत्रू आहे. सामान्य वापरात तेलाचे तापमान साधारणपणे ८० ते १०० अंश सेल्सिअस असते. त्यापुढे दर १० अंशांच्या वाढीने ऑक्सिडीकरणाचा वेग अंदाजे दुप्पट होतो, असा ढोबळ नियम आहे. वाहतूककोंडीत गाडी वारंवार थांबून निघते, तेव्हा टॉर्क कन्व्हर्टरमध्ये शक्तीचा मोठा भाग उष्णतेत रूपांतरित होतो. घाटातील चढ आणि जड ओझे यांचाही परिणाम असाच होतो. म्हणून सारखेच किलोमीटर चाललेल्या दोन गाड्यांमधील तेलाची स्थिती भिन्न असू शकते.

बदलण्याचा कालावधी

गाडीसोबत मिळणारी मालकपुस्तिका हा पहिला आधार होय. अनेक गाड्यांसाठी ६०,००० ते १,००,००० किलोमीटरच्या दरम्यानची मर्यादा दिलेली असते. बऱ्याच पुस्तिकांत 'सामान्य वापर' आणि 'कठीण वापर' अशी दोन वेळापत्रके असतात. रोजची शहरी कोंडी, धूळ व डोंगराळ रस्ते दुसऱ्या प्रकारात मोडतात. आपला वापर सामान्यच आहे, असे मानून चालणे ही नेहमीची चूक होय.

काही उत्पादक तेल 'आजीवन' टिकणारे असल्याचे सांगतात. यातील 'आजीवन' म्हणजे अनंतकाळ नव्हे. गिअरबॉक्स बनवणारी जर्मन कंपनी झेडएफ आपल्या मोटारींच्या स्वयंचलित गिअरबॉक्ससाठी वापरानुसार ८०,००० ते १,२०,००० किलोमीटर किंवा ८ वर्षांनंतर तेल बदलण्याची शिफारस करते. तेल व फिल्टर बदलण्याचा खर्च गिअरबॉक्सच्या दुरुस्तीच्या तुलनेत अल्प असतो.

गिअरबॉक्सचे प्रकार

'ऑटोमॅटिक' म्हणून विकल्या जाणाऱ्या सर्व गाड्यांना एकच तेल चालत नाही.

टॉर्क कन्व्हर्टर : उत्पादकाने नेमून दिलेल्या मानकाचे एटीएफ लागते.
सीव्हीटी : पट्टा व पुली यांची पकड टिकवणारे वेगळे तेल लागते, सामान्य एटीएफ वापरल्यास पट्टा घसरून नुकसान होऊ शकते.
ड्युअल क्लच : 'ओल्या' प्रकारात क्लच तेलातच फिरतात, त्यामुळे तेल नियमित बदलावे लागते, 'कोरड्या' प्रकारात क्लच तेलाबाहेर असतात.
एएमटी : मारुती सुझुकी सेलेरिओमुळे २०१४पासून भारतात रूढ झालेला प्रकार. रचनेने हा हाताने बदलायचा साधा गिअरबॉक्सच असल्यामुळे त्यात साधे गिअर ऑइल असते. गिअर बदलणारी यंत्रणा हायड्रॉलिक असल्यास तिचे तेल निराळे असते.

तपासणी व लक्षणे

गळती चटकन ओळखता यावी म्हणून या तेलाला बहुधा लाल रंग दिलेला असतो. काही तेले हिरवी वा निळीही असतात. तेल गडद तपकिरी होऊन त्याला करपट वास येणे, गिअर बदलताना धक्का बसणे, गिअर पडण्यास विलंब होणे किंवा इंजिनाचा वेग वाढूनही गाडीने वेग न घेणे, ही बिघाडाची लक्षणे आहेत. तेल दुधाळ गुलाबी दिसल्यास त्यात कूलंटचे पाणी मिसळल्याचा संभव असतो. अशा वेळी गाडी चालवू नये. केवळ रंगावरून मात्र निष्कर्ष काढू नये, कारण काही तेले चांगल्या स्थितीतही काळवंडतात.

बदलण्याच्या पद्धती

तळाचा बोल्ट काढून तेल सोडल्यास जुन्या तेलाचा काही भागच निघतो. उरलेले टॉर्क कन्व्हर्टर व कूलरमध्ये राहते. म्हणून काही वेळा ही क्रिया दोन-तीनदा करतात किंवा यंत्राच्या साहाय्याने संपूर्ण तेल बदलतात. तळाच्या पॅनमधील लोहचुंबकावर बारीक कीस साचणे स्वाभाविक आहे. धातूचे मोठे तुकडे आढळल्यास आतील भागांची तपासणी आवश्यक ठरते. अनेक नव्या गाड्यांत तेल मोजण्याची पट्टी नसते आणि पातळी ठराविक तापमानालाच पाहावी लागते, त्यामुळे हे काम जाणकाराकडून करून घेणे योग्य. क्लचच्या चकत्या झिजल्यानंतर नवे तेल घालून त्या पूर्ववत होत नाहीत.

वापरलेले तेल भारतात २०१६च्या नियमांनुसार घातक कचऱ्यात मोडते. ते गटारात किंवा जमिनीवर न ओतता पुनर्प्रक्रियेसाठी द्यावे लागते.