पेटीचा स्वर आणि गळ्याचा स्वर

आमच्या नागपुरात आकाशवाणीचे केंद्र १९४८ साली सुरू झाले, तेव्हा तेथे पेटीला मज्जाव होता. ही बंदी देशभरच्या केंद्रांवर १९४० साली आली आणि १९७१ पासून सैल होऊ लागली. आरोप सरळ होता. षड्ज २४० कंपनांचा धरला, तर तंबोऱ्यातून उमटणारा गंधार ३०० कंपनांचा येतो. पेटीवर तो ३०२.४ चा पडतो. अंतर थोडे, पण तयार कानाला ते खुपते. शिवाय पट्टी दाबली की स्वर जागीच खिळतो. मींड निघत नाही.

ही तक्रार रेडिओच्याही आधीची, आणि तिच्यावर इलाज शोधणारे गृहस्थ आपल्याच मुलखातले. सांगलीचे निवृत्त डेप्युटी कलेक्टर कृष्णाजी बल्लाळ देवल यांनी १९१० साली बावीस श्रुतींवर इंग्रजीत पुस्तक लिहिले. अब्दुल करीम खाँसाहेबांचे त्यांना साह्य झाले. सनदी अधिकारी क्लेमंट्स यांच्या जोडीने श्रुतींची पेटीही सिद्ध झाली. १९१६ च्या बडोदे संगीत परिषदेत तिच्यावरून वाद माजला. भातखंड्यांना ती पटली नाही.

त्या वादानंतर अर्धशतकाने, बडोद्याहून फार दूर नसलेल्या अहमदाबादेत, निराळेच यंत्र आले. १९६९ साली राष्ट्रीय डिझाइन संस्थेत अमेरिकन संगीतकार डेव्हिड ट्यूडर यांनी मोग बनावटीचे विद्युत्-वाद्य उभारले. त्याला भाता नाही, सूर नाहीत. विजेचा दाब वाढेल तसा स्वर चढतो. एका व्होल्टला एक सप्तक. दाब सावकाश वाढवला की स्वर सरकत जातो, म्हणजे दोन श्रुतींमधली वाटही चालता येते. गीता साराभाई, अतुल देसाई, जिनराज जोशीपुरा प्रभृतींनी १९७२ पर्यंत तेथे ध्वनिफितींवर रचना केल्या. पुढे त्या फिती संस्थेच्या संग्रहात कित्येक दशके पडून राहिल्या. त्यांतील निवडक रचना २०२३ साली प्रसिद्ध झाल्या.

मला वाटते, देवलांचे गणित खोटे नव्हते. हाती असलेले साधन अपुरे होते. बावीस काय, चव्वेचाळीस सूर बसवले तरी प्रत्येक सूर आपल्या जागी बांधलेलाच. गवयाची श्रुती मात्र एका स्वराकडून दुसऱ्याकडे जाताना वाटेत भेटते. ती वाट दाखवणारे यंत्र आले, तेव्हा श्रुतींचा वाद थंडावला होता. देवलांची कोष्टके हाती घेऊन त्या यंत्रापाशी कोणी बसावे, हे काम आजही करण्याजोगे आहे.