रुडकीची विद्या

१८३७-३८ सालच्या भीषण दुष्काळात गंगा-यमुनेचा दुआब होरपळून निघाला. तसा प्रसंग पुन्हा येऊ नये म्हणून गंगेच्या कालव्याचे काम हाती घेण्यात आले; परंतु मोजणी व आखणी जाणणारी माणसे पुरेशी मिळेनात. यासाठी १८४७ साली रुडकीस स्थापत्यविद्येचे महाविद्यालय निघाले. त्याचे पहिले प्राचार्य लेफ्टनंट मॅक्लागन हे स्वतः लष्करातील अभियंते होते. सोलानी नदीवरून कालवा नेणारा जलसेतू जवळच उभा राहत होता. फळ्यावरची विद्या तेथे विटाचुन्यात उतरलेली दिसे. १८५४ साली कालव्यात पाणी सुटले.

पुढे बरोबर १०० वर्षांनी, १९५४ साली, याच संस्थेचे माजी विद्यार्थी अजुध्यानाथ खोसला रुडकी विद्यापीठाचे कुलगुरू झाले. झिरपत्या जमिनीवर बंधारे कसे बांधावेत, याविषयीचा त्यांचा सिद्धांत सर्वमान्य झाला होता. त्यांच्या कारकिर्दीत, १९५५ साली, जलसंपत्तीच्या विकासाचे शिक्षण देणारे केंद्र निघाले आणि आशिया-आफ्रिकेतील अभियंते तेथे शिकावयास येऊ लागले. परक्या सरकारने हाताखालची माणसे घडविण्यास काढलेली शाळा अशी इतरांची गुरू झाली. शिकविणाऱ्याने स्वतः काम केलेले असले म्हणजे विद्या कागदावर अडून राहत नाही, हेच रुडकीच्या इतिहासाचे सार होय.