माठापासून नागसेनवनापर्यंत

मुंबईच्या सिडनहॅम कॉलेजात १९१८ सालच्या नोव्हेंबरात अर्थशास्त्राचे एक नवे प्राध्यापक रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकून आलेले, लंडनचा अभ्यास पैशाअभावी अर्धा टाकून परतलेले. त्यांची व्याख्याने ऐकायला दुसऱ्या कॉलेजांतली मुलेही येऊन बसत. पण प्राध्यापकांच्या खोलीत पाण्याचा जो माठ होता, त्याला या गृहस्थांनी हात लावू नये, असे काही सहकाऱ्यांचे म्हणणे पडले. हे प्राध्यापक म्हणजे डॉ. भीमराव आंबेडकर, हे वाचकांनी ओळखलेच असेल.

विद्यापीठांचा इतिहास लिहिणारे इमारती, कुलगुरू आणि पदवीदान समारंभ यांचीच नोंद करतात. मला मात्र तो माठ फार महत्त्वाचा वाटतो. विद्येच्या घरात कोणाला कितपत आत घेतले, हे इमारतीवरून नव्हे, पाण्याच्या भांड्यावरून कळते.

सगळेच अध्यापक तसे होते असे मात्र नव्हे. एल्फिन्स्टन कॉलेजात असताना याच विद्यार्थ्याला प्रा. मुल्लर पुस्तके देत, कपडेही देत. कृष्णराव अर्जुन केळूसकर गुरुजींनी तर त्याला बडोद्याच्या महाराजांपुढे नेऊन उभे केले. ही माणसे थोर खरीच. पण एका गुरुजींची दृष्टी एका मुलाकडे वळली आणि तो तरला. त्याच्या शेजारच्या गल्लीतल्या मुलाचे काय? चांगुलपणाला संस्थेचे रूप आल्याशिवाय तो पुरत नाही, हे बाबासाहेबांइतके कोणाला ठाऊक असणार? १९४५ साली त्यांनी पीपल्स एज्युकेशन सोसायटी काढली, १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उघडले आणि १९५० साली थेट औरंगाबाद गाठले.

औरंगाबादच का? मराठवाडा तेव्हा हैदराबाद राज्यात होता, निजामी राजवट नुकतीच संपली होती आणि पदवीसाठी मुलांना हैदराबादची वाट धरावी लागे. तिथे ते कॉलेज उभे राहिले. पुढे त्याला नाव मिळाले मिलिंद आणि परिसराला नागसेनवन. प्रश्न विचारणारा ग्रीक राजा मिलिंद आणि उत्तरे देणारा भिक्षू नागसेन! कॉलेजला एखाद्या देणगीदाराचे नाव न देता प्रश्न विचारणाऱ्याचे दिले, यात मला त्या माणसाची सारी शिक्षणदृष्टी दिसते.

पहिले प्राचार्य म. भि. चिटणीस. हे जन्माने अस्पृश्य नव्हते, आणि म्हणूनच त्यांची गोष्ट सांगण्याजोगी आहे. खेड्यापाड्यांतून आलेल्या, घरात पहिल्यानेच अक्षर गिरवणाऱ्या मुलांना केवळ वर्गात बसवून भागत नाही, हे त्यांनी ओळखले. त्यांनी मुलांसाठी ‘युगयात्रा’ नावाचे नाटक लिहिले. अस्पृश्यतेची शतकानुशतकांची वाटचाल त्यात होती, आणि ती रंगभूमीवर उभी करणारी मुले आपलीच कहाणी सांगत होती. १९५६ च्या दसऱ्याला नागपुरात धर्मांतराचा सोहळा झाला, त्या प्रसंगी हे नाटक अफाट जनसमुदायापुढे झाले. वर्गात दबून बसणाऱ्या मुलाला लाखांपुढे उभे राहून बोलता आले, याला मी अभ्यासक्रमापेक्षा मोठे शिक्षण म्हणतो.

पुढे डॉ. म. ना. वानखेडे प्राचार्य झाले. हे अमेरिकेत शिकून आलेले. तिथल्या निग्रो लेखकांनी (त्या काळी हाच शब्द रूढ होता) आपले दुःख आपल्याच शब्दांत कसे मांडले, हे ते मुलांना सांगत आणि लिहा, असा लकडा लावत. त्यांचे सहकारी प्रा. गंगाधर पानतावणे यांनी हा आग्रह छापील कागदावर आणला. १९६७ साली ‘अस्मिता’ निघाले, १९६८ पासून ते ‘अस्मितादर्श’ झाले. मराठीत दलित साहित्य म्हणून जे पुढे गाजले, त्याचे पाळणाघर हेच त्रैमासिक.

मधल्या काळात १९५८ साली औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ निघाले. त्याला बाबासाहेबांचे नाव द्यावे, असा ठराव १९७८ साली विधिमंडळात होताच मराठवाड्यात दलितांची घरे जळाली; नाव लागायला १९९४ उजाडले. नागसेनवनाच्या शेजारच्याच विद्यापीठाला एका नावासाठी सोळा वर्षे लागावीत!

पानतावणे पुढे त्याच विद्यापीठात शिकवू लागले. त्रैमासिक मात्र त्यांनी सोडले नाही. ज्यांचे लेखन इतरत्र कोणी छापले नसते, अशा नवख्यांना त्यात जागा मिळत राहिली. २०१८ साली त्यांना पद्मश्री जाहीर झाली आणि त्याच वर्षी ते गेले. तेव्हा ‘अस्मितादर्श’ पन्नाशीला आले होते.